वाचत नसलेली हार्ड डिस्क आणि जंगलाची हद्द

‘डिस्क गेली’ असं कुणी म्हटलं की आपण बहुतेक वेळा हात टेकतो. फोटो गेले, फायली गेल्या, विषय संपला. पण ‘गेली’ म्हणजे नेमकं काय गेलं, हे फारसं कुणी विचारत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तर हे विचारायलाच हवं, कारण गेल्या पंचवीस-तीस वर्षांतला बराचसा इतिहास आता दप्तरात नाही, कपाटात पडलेल्या जुन्या हार्ड डिस्कवर आहे. आजच्या पोस्टमध्ये हाच प्रश्न चंद्रपूर-गडचिरोलीच्या संदर्भात मांडते. तांत्रिक भाग सोपा करून सांगेन, घाबरू नका.

आधी संदर्भ

माझ्या प्रबंधाचा विषय या दोन जिल्ह्यांतले सामूहिक वनहक्क दावे हा आहे. वनहक्क कायदा २००६ सालचा. तो ३१ डिसेंबर २००७ पासून लागू झाला आणि १ जानेवारी २००८ ला त्याचे नियम आले. २००९ मध्ये धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सर्वांत आधी मिळवणारं गाव म्हणून ते ओळखलं जातं. पुढे २०१२ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावलाही हक्क मिळाला. एकट्या गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांकडे असे हक्क आहेत.

हे आकडे बातम्यांत येतात. दावा तयार कसा झाला, हे मात्र बातम्यांत येत नाही. ग्रामसभेने वनहक्क समिती नेमायची, समितीने हद्द ठरवायची, शेजारच्या गावांना बोलवायचं, म्हाताऱ्या माणसांचे जबाब लिहून घ्यायचे, पुरावे गोळा करायचे, मग दावा उपविभागस्तरीय समितीकडे आणि तिथून जिल्हास्तरीय समितीकडे जायचा. नियम १३ मध्ये पुराव्यांची मोठी यादी आहे: गॅझेटियर, जमाबंदीचे अहवाल, नकाशे, वनविभागाच्या कार्ययोजना, निस्तारासारखे जुने हक्क, देवराया, आणि दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब.

आता २००८ ते २०१२ हा काळ आठवून बघा. हातात धरायचं जीपीएस यंत्र आलं होतं. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले होते. जबाब तालुक्याच्या डीटीपी सेंटरवर टाईप व्हायचे. अंतिम दाव्याच्या कागदी प्रती निघाल्या. त्यातली एक कार्यालयात गेली, एक ग्रामसभेच्या पेटीत राहिली. पण दाव्यामागची कच्ची सामग्री, म्हणजे हद्द चालताना नोंदवलेले जीपीएसचे बिंदू, शेकडो फोटो, जबाबांचे पहिले मसुदे, हे सगळं कुठल्या तरी संगणकातच राहिलं. तो संगणक पुढे बदलला. जुना भंगारात गेला आणि कुणीतरी शहाणपणाने त्यातली हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवली.

या कच्च्या सामग्रीचं आज काय काम, असं तुम्ही विचाराल. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने ज्यांचे दावे नाकारले गेले त्यांना जंगलातून हटवण्याबाबत आदेश दिला. २८ फेब्रुवारीला त्याच आदेशाला स्थगिती दिली आणि दावे नाकारताना प्रक्रिया नीट पाळली होती का, याचा हिशेब राज्यांकडे मागितला. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या दाव्यात काय जोडलं होतं, कुणी काय सांगितलं होतं, हद्द कुठून चालली होती, हे प्रश्न पुन्हा उभे राहिले. ज्यांचे दावे मंजूर झाले त्यांनाही शेजारच्या गावाशी किंवा वनविभागाशी हद्दीचा वाद झाला की हेच लागतं. कपाटातली डिस्क त्या दिवशी एकदम महत्त्वाची होते.

डिस्कच्या आत काय असतं

पहिली हार्ड डिस्क १९५६ ची, आयबीएम कंपनीची. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, सुमारे एक टन वजन, आणि त्यात मावायची फक्त पन्नास लाख अक्षरं. आजचे मोबाईलवरचे दोन-तीन फोटोसुद्धा त्यात बसले नसते. तत्त्व मात्र तेव्हापासून आजवर तेच आहे. चुंबकीय थर दिलेल्या चकत्या गरागरा फिरतात आणि एक छोटं हेड त्यांच्यावरून सरकत चुंबकीय खुणा वाचतं. हेड चकतीला टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर, काही नॅनोमीटर उंचीवर ते तरंगतं. आपला केस त्यापेक्षा हजारो पटींनी जाड असतो. म्हणून धुळीचा एक कणसुद्धा तिथे दगडासारखा आडवा येतो.

माहिती सेक्टर नावाच्या छोट्या कप्प्यांत लिहिलेली असते. जुन्या डिस्कवर एका कप्प्यात ५१२ बाइट. प्रत्येक कप्प्यासोबत थोडी जास्तीची माहिती असते, जिच्या आधारे वाचताना झालेली चूक डिस्क स्वतःच दुरुस्त करते. म्हणजे तुमची ‘चांगली’ डिस्कसुद्धा रोज चुका करत असते, फक्त त्या तुमच्यापर्यंत येत नाहीत. चूक दुरुस्तीच्या पलीकडे गेली की डिस्क तोच कप्पा पुन्हा पुन्हा वाचून बघते आणि संगणक अडकून बसतो.

तर ‘वाचत नाही’ याचे किमान चार वेगळे अर्थ आहेत. एक, डिस्क फिरतच नाही. आपल्याकडे विजेच्या चढउतारात खालची इलेक्ट्रॉनिक पट्टी जळणं हे याचं नेहमीचं कारण, आणि तेव्हा चकत्यांवरची माहिती बहुधा जागेवरच असते. दोन, डिस्क फिरते पण ‘टक्-टक्’ आवाज करते. इथे हेड बिघडलेलं असू शकतं. लगेच वीज बंद करायची, कारण हेड चकतीला घासत असेल तर प्रत्येक फेरीत माहिती खरवडली जाते. तीन, डिस्क फिरते, दिसते, पण मधले काही कप्पे खराब आहेत. चार, कप्पे ठीक आहेत पण कुठली फाईल कुठे आहे हे सांगणारी अनुक्रमणिका बिघडली आहे. अशा वेळी विंडोज अत्यंत नम्रपणे विचारतं, डिस्क फॉरमॅट करायची का? उत्तर नेहमी ‘नाही’.

आणि हो, डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की चालते, हा सल्ला तुम्हीही ऐकला असेल. आपल्या दमट पावसाळ्यात थंड डिस्क बाहेर काढली की आत-बाहेर पाणी साचतं. हा प्रयोग करू नका.

पहिला नियम: आधी नक्कल

माझ्या संशोधनात आलेली एक डिस्क तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारची मिसळ होती. एका छोट्या संस्थेच्या कपाटातली, जुन्या रुंद पट्टीच्या केबलची. यूएसबीचा अडॅप्टर लावून जोडली की ड्राइव्हचं नाव दिसायचं, फोल्डर उघडायचं नाही.

अशा वेळी मोह होतो तो दुरुस्तीचा. विंडोजमधली ‘चेक डिस्क’ चालवायची आणि बघायचं. पण ती मूळ डिस्कवरच लिहिते, आणि आजारी डिस्कवर एक अक्षर लिहिणं म्हणजे जुन्या पोथीवर बॉलपेनने सुधारणा करणं. दप्तरखान्यात आपल्याला पेनऐवजी पेन्सिल का वापरायला लावतात, त्याचंच हे दुसरं रूप.

म्हणून आधी संपूर्ण डिस्कची कप्प्यागणिक नक्कल काढायची आणि पुढचं सगळं काम नकलेवर करायचं. यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू नावाचा मोफत प्रोग्राम आहे, अंतोनियो दियास दियास यांनी लिहिलेला. त्याची पद्धत मला फार आवडते. पहिल्या फेरीत तो सहज वाचता येणारा भाग पटापट उचलतो. अडलं की तिथे हट्ट धरत नाही, पुढे उडी मारतो. सोपं सगळं हाती आल्यावर अवघड जागांकडे वळतो, त्यांच्या कडा कुरतडत आत जातो. कुठला कप्पा मिळाला, कुठला नाही, याची नोंद तो वेगळ्या फाईलमध्ये ठेवतो. त्यामुळे वीज गेली तरी काम जिथे थांबलं तिथून पुन्हा सुरू होतं. ज्या गावात दुपारी दोन-दोन तास वीज नसते तिथे या एका सोयीची किंमत कळते.

हेड किंवा चकती बिघडली असेल तर मात्र घरी काही करू नये. डिस्क धूळरहित खोलीतच उघडावी लागते. हे काम करणारे व्यावसायिक आहेत, पैसे बरेच लागतात, यशाची हमी नसते.

तरी आशा किती ठेवावी? एक उदाहरण सांगते. फेब्रुवारी २००३ मध्ये कोलंबिया अवकाशयान परत येताना वातावरणात फुटलं. कल्पना चावला त्यात होत्या. यानातल्या एका भौतिकशास्त्रीय प्रयोगाची हार्ड डिस्क काही महिन्यांनी टेक्सासमधल्या कोरड्या तलावाच्या तळात सापडली, जळून वितळल्यासारखी. तज्ज्ञांनी चकत्या स्वच्छ केल्या, दुसऱ्या यंत्रणेत बसवल्या आणि जवळजवळ ९९ टक्के माहिती बाहेर काढली. २००८ मध्ये त्यावर शोधनिबंध छापून आला. नशिबाचा भागही होता: डिस्क पूर्ण भरलेली नव्हती आणि चकतीचा जो भाग खराब झाला तिथे काही लिहिलेलंच नव्हतं. पण मुद्दा लक्षात घ्या. आकाशातून पडलेली डिस्क वाचता आली, कारण कुणीतरी तिला ‘गेली’ म्हणून सोडून दिलं नाही.

फायली मिळाल्या, पण…

आता खरी गोष्ट सुरू होते. नक्कल मिळाली की लोकांना वाटतं काम झालं. माझ्या मते तिथून इतिहासकाराचं काम सुरू होतं.

अनुक्रमणिका बिघडलेली असेल तर फोटोरेक नावाचा प्रोग्राम फायली त्यांच्या चेहऱ्यावरून ओळखतो. फोटोच्या फाईलची सुरुवात ठरावीक खुणेने होते, वर्डच्या फाईलची वेगळ्या खुणेने. त्यावरून तो फायली उचलतो. पण त्यांची नावं आणि फोल्डर जातात. हाती येतो क्रमांक टाकलेल्या हजारो फायलींचा ढीग. ‘अमुक गाव – उत्तर हद्द’ या फोल्डरमधला फोटो आता नुसता एका झाडाचा फोटो आहे. दप्तरातलं पान गठ्ठ्यातून सुटलं की त्याची निम्मी साक्ष जाते, तसंच हे. फोटोत कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख-वेळ असते, तेवढ्यावर क्रम लावत बसायचं. तारीख चुकीची लावलेली असेल तर तीही फसवते.

दुसरी पायरी फाँटची. मराठीत २००९ चा जबाब उघडा, पडद्यावर येतात इंग्रजी चिन्हांचे ढिगारे. फाईल खराब झालेली नसते. तेव्हा श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, सी-डॅकचा सुरेख अशा फाँटमध्ये टायपिंग व्हायचं. या फाँटमध्ये अक्षराचा अर्थ साठत नव्हता, आकार साठत होता. रोमन अक्षराच्या क्रमांकावर देवनागरीचा तुकडा बसवलेला असायचा, आणि कुठल्या क्रमांकावर कुठला तुकडा हे प्रत्येक फाँटचं वेगळं. युनिकोडमध्ये ‘कि’ लिहिताना आधी ‘क’ साठतो, मग वेलांटी. जुन्या फाँटमध्ये दिसते तशी वेलांटी आधी, मग ‘क’. त्यामुळे रूपांतर करताना ऱ्हस्व वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात. साध्या वाक्यात चूक लगेच दिसते. पण गोंडी-माडियातल्या जागेच्या नावात? टेकडीला गोंडीत मेट्टा म्हणतात. एखाद्या टेकडीच्या नावातलं जोडाक्षर तुटलं तर रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामला ते कळणार नाही आणि शहरातल्या वाचकालाही नाही.

तिसरी पायरी नकाशाची. जीआयएसचा एक नकाशा किमान तीन फायलींचा मिळून बनतो: एकीत आकार, दुसरीत क्रम, तिसरीत माहितीचा तक्ता. चौथी एक छोटी फाईल असते, हे अक्षांश-रेखांश कुठल्या मोजपद्धतीतले आहेत हे सांगणारी. आमच्या ढिगात नेमकी तीच नव्हती. क्षुल्लक वाटतं ना? भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट पद्धतीवर आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर. आपल्या भागात एकच जागा या दोन पद्धतींत शंभर ते दोनशे मीटरच्या घरात सरकलेली दिसते. जंगलाच्या हद्दीत दोनशे मीटर म्हणजे एक बोडी, एक देवराई किंवा बांबूचा चांगला पट्टा. हद्द कुणाची यावर गावं वर्षानुवर्षं भांडतात, आणि इथे ती एका न सापडलेल्या फाईलमुळे सरकते.

यावर उपाय संगणकात नाही. ज्याची जागा आजही पक्की माहीत आहे असा एखादा बिंदू शोधायचा: शाळेचा कोपरा, रपटा, हद्दीचा दगड. तिथे आजचं जीपीएस धरायचं आणि जुन्या आकड्याशी ताडून बघायचं. फरक शून्याजवळ आला तर मोजपद्धत एकच. सगळीकडे सारखाच सरकला तर कुठल्या पद्धतीचे आकडे आहेत ते कळतं. म्हणजे डिस्कवरची माहिती वाचायला शेवटी जंगलात जावंच लागतं, आणि कुठला दगड हद्दीचा हे सांगणारा माणूस सोबत लागतो.

कागद तरी सुरक्षित होता का?

‘म्हणूनच कागद बरा’ असं वाटेल. अर्धं खरं आहे. मेजर ल्युसी-स्मिथ यांचा चांदा जिल्ह्याचा जमाबंदी अहवाल १८६९ चा, जिल्ह्याचं गॅझेटियर १९०९ चं. दोन्ही आज डोळ्यांनी वाचता येतात, अडॅप्टर लागत नाही. पण कागदालाही किल्ल्या लागतात. भोसल्यांच्या काळातला मोडी कागद धडधाकट आहे, वाचणारे मोजके. १९५१ नंतर मालगुजारी-जमीनदारी गेली आणि गावाचे जंगलातले वापराचे हक्क निस्तार पत्रकात नोंदले गेले. तेव्हा हा भाग मध्य प्रदेशात होता, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्रात. २६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला. त्यामुळे गडचिरोलीतल्या गावाचं जुनं कागदपत्र शोधताना ‘चांदा’ कुठल्या नोंदीत, कुठल्या राज्याच्या दप्तरात, हे आधी माहीत असावं लागतं. कागद हजर असतो, अनुक्रमणिका हरवलेली असते. फोटोरेकच्या ढिगासारखीच स्थिती!

फरक वेळेचा आहे. मोडी वाचणारे कमी व्हायला काही पिढ्या लागल्या. २००९ चा सुरेख फाँट, ती केबल, ती मोजपद्धत यांची माहिती पंधरा वर्षांतच विरळ झाली. आणि ज्यांच्या बोटाच्या खुणेवर हद्द चालली गेली ती माणसं तेव्हाच सत्तरीत होती. २०१२ च्या सुधारित नियमांत एक शहाणी तरतूद आहे: उपग्रह प्रतिमा आणि तंत्रज्ञान हे इतर पुराव्यांना पूरक म्हणून वापरता येतील, त्यांच्या जागी नाही. मी हे वाक्य आधी फक्त कायद्याचं म्हणून वाचलं होतं. डिस्कसोबत काही महिने काढल्यावर ते मला अभिलेखशास्त्राचंही वाटतं. आकडे टिकवायचे असतील तर आकड्यांचा अर्थ सांगणारी साक्षही सोबत टिकवावी लागते.

तुमच्याकडे अशी डिस्क असेल तर

ग्रामसभेत, संस्थेत, शाळेत, घरात अशी डिस्क असेल तर एवढं करा. चालू करून बघण्याची घाई करू नका. आवाज येत असेल तर बंद ठेवा. सुरू होत असेल तर आधी नक्कल काढा, तीही डिस्कपेक्षा मोठ्या, रिकाम्या डिस्कवर. मूळ डिस्क कोरड्या डब्यात ठेवा, वर चिठ्ठी चिकटवा: कुणाची, कुठल्या संगणकातली, कुठल्या वर्षांची. मराठी फायली उघडल्या की फाँटचं नाव लिहून ठेवा, रूपांतर केलेली प्रत वेगळी ठेवा, मूळ पुसू नका. नकाशा असेल तर एक पक्का बिंदू ताडून त्याची नोंद जोडा.

आणि सगळ्यात आधी, म्हणजे अगदी नकलेच्याही आधी, एक काम करा. त्या वर्षी हद्द चाललेल्यांपैकी जे आज आहेत त्यांच्याकडे जाऊन बसा. फोटो छापील असतील तर सोबत न्या. कुठला नाला, कुठली टेकडी, नाव नेमकं कसं उच्चारायचं, हे त्यांच्या तोंडून लिहून घ्या, आवाज नोंदवा. डिस्क कपाटात अजून दोन वर्षं तग धरेलही. आमच्या डिस्कवरच्या ढिगातल्या सव्वाशेहून जास्त फोटोंवर आज गावाची आणि जागेची नावं आहेत ती कुठल्याही प्रोग्रामने दिलेली नाहीत. दोन आजोबा आणि एक आजी तीन दुपारी बसल्या, त्यांनी ती दिली.